'सॉलिड-स्टेट' म्हणून विकतात ती पॉवर बँक: अकोल्याच्या उन्हात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्याने एवढंच वाचून सुटावं. वस्तू चांगली आहे, डब्यावर छापलंय तेवढी चांगली नाही, आणि साध्या पॉवर बँकेपेक्षा जे अडीचपट पैसे घेतात त्यातले थोडेच आतल्या बॅटरीचे आहेत, बाकीचे छपाईचे. पाचपैकी साडेतीन स्टार. उन्हातान्हात फिरणाऱ्याने घ्यावी, एसी ऑफिसात बसणाऱ्याने साधीच घ्यावी.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा, हेच बटण, हाच छोटा डिस्प्ले ऑनलाइन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी दिसतो, नुसता रंग आणि लोगो बदलतो, त्यामुळे हा एका ब्रँडचा रिव्ह्यू नाही तर त्या प्रकारच्या मालाचा समजा. १०,००० एमएएच, मागे मॅग्नेट आहे म्हणजे फोन पाठीला चिकटतो, टाइप-सी एकच पोर्ट, वायरने २० वॉट, वायरलेस १५ वॉट. किंमत चार हजारांच्या आतबाहेर, ऑफर असेल तशी. तेवढ्याच क्षमतेची साधी दीड हजारात आरामात मिळते, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

मी बियाणांच्या कंपनीत फिल्डवर असतो, म्हणजे एप्रिल-मे-जून दिवसभर गाडी, बांध, कृषी केंद्रं, आणि फोनवर नकाशा, फोटो, ॲपमधे एंट्री हे सगळं चालू. अकोल्यात मे महिन्यात ४४-४५ अंश ही काही बातमी नसते. आधीची पॉवर बँक अशाच एका उन्हाळ्यात फुगली, दोन्ही बाजूंनी कव्हर उचकटलं, आणि अशी फुगलेली वस्तू घरात ठेवायची पण भीती आणि कचऱ्यात टाकायची पण भीती. एमएस्सी केमिस्ट्रीत झालंय माझं (पोट मात्र सोयाबीन-कपाशीवर चालतं), त्यामुळे 'सॉलिड-स्टेट', म्हणजे बॅटरीत द्रवाऐवजी घन पदार्थ, आणि 'आग लागणारच नाही' असं वाचलं की हात लगेच खिशाकडे जात नाही, आधी डोकं खाजवतो. तरी घेतली.

वापराचं आधी सांगतो. वायरने ५,००० एमएएचचा फोन रिकाम्यापासून पूर्ण भरतो आणि मग परत तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरतो. मागे बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी ६,००० एमएएच लिहिलीय, ते बघून लोक रिव्ह्यूमधे फसवलं फसवलं ओरडतात, पण तसं नाहीये, १०,००० हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ३७ वॉट-अवर, आणि पोर्टमधून ५ व्होल्टने बाहेर येताना ६,००० म्हणजे ३० वॉट-अवर, मधले सात सर्किटमधे गरम होऊन जातात. हा हिशोब सगळ्याच पॉवर बँकांचा असाच आहे, यात ह्यांनी काही चोरलं नाही. वायरलेसने मात्र जेमतेम एकदा फोन भरतो, तेही सावलीत. उन्हात वायरलेसचा नादच नको, फोनच चार्जिंग थांबवतो, गरम झालोय म्हणून मेसेज टाकतो आणि बसतो. चार हजारांत ज्या मॅग्नेटचेही पैसे दिलेत ते मॅग्नेट अकोल्यात मार्च ते जून फक्त फोन चिकटवायच्या कामाचं.

आता गरम होण्याचं. ऑफिसात पंपाच्या मोटारी तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर आहे (कोविडमधली कपाळावर रोखायची बंदूक नव्हे हां, ती त्रेचाळीसच्या वर काही दाखवतच नाही), तो घेऊन जुन्याच कंपनीची नवी साधी पॉवर बँक आणि ही, दोन्ही एकाच टेबलावर, एकाच फोनला, वायरने लावून बघितल्या. ही दोन-तीन अंश थंड राहिली. आता हे दोन-तीन अंश आतल्या बॅटरीचे की बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पाठीचे, ते मी सांगू शकत नाही, आणि माझं मत विचाराल तर पाठीचेच जास्त. साधीची बॉडी प्लास्टिकची होती. एक खरं की अख्खा उन्हाळा काढून ही फुगलेली नाही, टेबलावर ठेवली की अजून सपाट बसते, कव्हरची फट तेवढीच आहे. माझ्यासाठी याच गोष्टीला जास्त मार्क.

हां, आता मुद्द्याचं, आत नक्की काय आहे. कारण लिस्टिंगवर 'सॉलिड-स्टेट', डब्यावर पुढच्या बाजूला 'सॉलिड-स्टेट', मागच्या बाजूला 'सेमी-सॉलिड', आणि मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर नुसतं 'लिथियम-आयन पॉलिमर'. एकाच डब्यात तीन जाती!

आपल्या साध्या लिथियम-आयन सेलमधे एका बाजूला ग्रॅफाइट (हा ॲनोड), दुसऱ्या बाजूला कोबाल्ट-निकेलवाला ऑक्साइड (हा कॅथोड), मधे प्लास्टिकची पातळ जाळीदार फिल्म, आणि हे सगळं एका द्रवात भिजलेलं. हा द्रव म्हणजे कार्बोनेट सॉल्व्हंटमधे विरघळवलेलं लिथियमचं मीठ. आणि ती सॉल्व्हंटं पेटतात, त्यातलं डायमिथिल कार्बोनेट तर असं की त्याची वाफ आपल्या खोलीच्या तापमानालाच ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते. ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर तयार होतो, तोच खरा राखणदार, तो ८०-१०० अंशांच्या पुढे मोडायला लागतो, मोडला की त्यातून आणखी उष्णता, १३० च्या आसपास मधली पॉलिथिलीनची फिल्म वितळते, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, मग ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो, आणि मग बाहेरची हवा बंद केली तरी आग विझत नाही कारण जळण पण आत आणि ऑक्सिजन पण आत. विमानवाले पॉवर बँकेला एवढे घाबरतात ते यामुळे. जानेवारी २०२५ मधे कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं, संशय पॉवर बँकेवर गेला, मार्चपासून कोरियाने पॉवर बँका डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने विमानात त्या वापरायलाच मनाई केली. तेव्हापासून ह्या 'सॉलिड' मालाच्या जाहिराती धो धो वाढल्यात असं मला तरी दिसतंय.

तर साधी कल्पना अशी की तो पेटणारा द्रवच काढून टाका, जागी घन पदार्थ घाला ज्यातून लिथियम आयन पळतील. ऐकायला सोपं. २००७ मधे जर्मनीत कील विद्यापीठात रामस्वामी मुरुगन, वेंकटरमण थंगदुरै आणि वेर्नर वेप्नर यांनी लिथियम-लँथनम-झिर्कोनियमचा गार्नेट ऑक्साइड दाखवला (पहिले दोघं आपल्याकडचे, याचं मला उगाच बरं वाटतं), लिथियम धातूशेजारी ठेवला तरी बऱ्यापैकी शांत बसणारा. २०११ मधे जपानमधे कान्नो यांच्या गटाने जर्मेनियमवाला सल्फाइड दाखवला, त्यात आयन जवळपास द्रवातल्या इतकेच जोरात पळतात. मग गाडी अडली कुठे? अडली ती स्थिरतेवर. तो सल्फाइड आयन पळवतो भारी, पण लिथियमला टेकवला की हळूहळू विघटतो, चार व्होल्टच्या कॅथोडला टेकवला की तिकडूनही विघटतो, म्हणून कॅथोडच्या कणांना लिथियम नायोबेटचा नॅनोमीटरमधे मोजायचा लेप द्यावा लागतो. शिवाय बऱ्याच सल्फाइडना हवेतला दमटपणा लागला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याचा वास, आणि विषारी. कोकणात फॅक्टरी टाकायची तर काय होईल बघा.

आणि गार्नेटचं तर अजूनच विचित्र. लिथियम धातू सुरीने कापता येतो इतका मऊ, गार्नेट सिरॅमिक म्हणजे फरशीसारखं कडक, जुना सिद्धांत म्हणत होता की एवढं कडक काही मधे ठेवलं की लिथियमचे काटे, ज्यांना डेंड्राइट म्हणतात, ते आरपार जाऊच शकणार नाहीत. प्रत्यक्षात जातात. बारीक चिरांमधून, कणांच्या सांध्यांमधून घुसतात आणि सेल शॉर्ट. बंगळुरूच्या आयआयएससीमधे नागा फणी ऐतुकुरी यांच्या गटाने २०२२ मधे यावर छान काम छापलं. डिस्चार्ज होताना लिथियम पृष्ठभागावरून निघून जातं तेव्हा मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात, मग लिथियम आणि सिरॅमिक जिथे अजून टेकलेले आहेत तिथेच सगळा करंट एकवटतो, आणि पोकळीच्या त्या कडेवरून पुढच्या चार्जिंगला काटा फुटतो. त्यांनी मधे टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमचा अगदी पातळ थर दिला, जे धातू लिथियममधे मिसळत नाहीत, तर पोकळ्या व्हायला उशीर लागला आणि सेल जास्त टिकला. मला हे काम आवडतं कारण त्यात नवीन जादूचा पदार्थ नाही, दोन गोष्टी जिथे टेकतात तेवढीच जागा सुधारली. सॅमसंगने २०२० मधे चांदी-कार्बनचा थर वापरून लिथियम नीट सपाट बसवलं आणि हजार सायकल (एकदा भरून रिकामी केली की एक) दाखवल्या, तीही त्याच जागेची दुरुस्ती, पण त्यांचा सेल ६० अंशांवर चालवलेला होता. म्हणजे स्थिर बॅटरी हवी तर एकाच वेळी दाब, लेप, मधला थर, कोरडी हवा हे सगळं जमावं लागतं. ते जमलेलं चार हजारांत मॅग्नेटसकट मिळेल का, तुम्हीच सांगा.

या पॉवर बँकेत ते नाहीच. कशावरून? वजनावरून. लिथियम धातूत एका ग्रॅममागे ३,८६० एमएएच बसतात, ग्रॅफाइटमधे ३७२. आत धातूचा ॲनोड असता तर हिचं वजन किंवा जाडी साधीपेक्षा दिसण्याइतकी घटली असती. दोन्ही हातात धरा, फरक कळत नाही, उलट ॲल्युमिनियममुळे हीच किंचित जड. 'सेमी-सॉलिड'मधे साधारणपणे करतात ते असं की नेहमीच्या द्रवात पॉलिमर होणारं रसायन मिसळून सेलमधे भरायचं आणि मग गरम करून आतल्या आत घट्ट करायचं, साबुदाण्याची खीर गार झाल्यावर थिजते तसं. द्रव असतोच, पण कमी आणि अडकलेला. फॅक्टरीची जुनी लाइन चालते, म्हणून स्वस्तात होतं.

आणि हे वाईट नाहीये, हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील याला सगळंच खोटं वाटतं. भोक पडलं तर गळत नाही, वाफ कमी होते, आतला गॅस कमी झाला तर फुगणंही कमी, माझी सपाट राहिली त्याचं कारण कदाचित हेच. गाड्यांमधे हाच प्रकार मोठ्या प्रमाणात आलाय, चीनमधल्या निओ कंपनीच्या मालकाने डिसेंबर २०२३ मधे १५० किलोवॉट-अवरच्या सेमी-सॉलिड पॅकवर लाइव्ह कॅमेऱ्यासमोर १,०४४ किलोमीटर गाडी चालवून दाखवली, आणि २०२५ मधे चीनच्या बाजारात एमजी ४ चं सेमी-सॉलिड मॉडेल आलं त्यात द्रव ५ टक्केच असल्याचं कंपनी सांगते. बघा, तिथे निदान टक्का सांगतात. आपल्या डब्यावर टक्का सोडा, 'सेमी' सुद्धा मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली.

'आग लागणारच नाही' या वाक्यावर माझा खरा राग आहे. त्यासोबत खिळा ठोकायचा व्हिडिओ असतोच, खिळा घुसतो, धूर नाही, म्युझिक वाजतं. खिळ्याची टेस्ट खोटी नाही, पण सेल किती टक्के चार्ज होता, नवा होता की दोन उन्हाळे खाल्लेला, हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. अर्धा चार्ज केलेला नवा सेल साधा असला तरी पुष्कळदा गुमान बसतो. आणि पूर्ण घन बॅटरी म्हणजे आग नाही हेही बरोबर नाही. पॅरिसमधे बोलोरे कंपनीच्या ब्लूबस बसेस होत्या, त्यात घन पॉलिमरवाली लिथियम धातूची बॅटरी, द्रव नाहीच, एप्रिल २०२२ मधे एकाच महिन्यात दोन बसेस रस्त्यावर जळाल्या आणि तिथल्या बस-मेट्रो चालवणाऱ्या आरएटीपीने त्या मॉडेलच्या १४९ बसेस काही काळ रस्त्यावरून काढून घेतल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या लोकांनी मॉडेल मांडून दाखवलं की थोडा द्रव असलेली बॅटरी साधीपेक्षा कमी उष्णता सोडते हे खरं, पण आत शॉर्ट झाला तर पूर्ण घन बॅटरीसुद्धा प्रचंड तापू शकते, कारण ऊर्जा तर तेवढीच किंवा जास्तच भरलेली असते, ती कुठे जाणार?

म्हणून माझ्या वापरात मी काहीच ढील दिलेली नाही. गाडी उन्हात उभी केली की पॉवर बँक पिशवीत घालून सोबत नेतो, काच बंद करून ठेवलेल्या गाडीत डॅशबोर्ड साठ-पासष्टच्या वर जातो हे त्याच थर्मामीटरने बघितलंय, आणि हिच्या मॅन्युअलमधे चार्ज करायची मर्यादा ४५ अंश लिहिलीय, साधीची पण तेवढीच. बघा, सॉलिड म्हणवणारीची मर्यादा आणि साधीची मर्यादा एकच! कंपनीला स्वतःच्या जाहिरातीवर किती भरवसा आहे ते मॅन्युअलच्या या ओळीत कळतं. हजार सायकलनंतर ८० टक्के राहील म्हणतात, ते तपासायला माझ्याकडे प्रयोगशाळा नाही आणि तेवढी वर्षं ही टिकली तर मग बोलू.

बाकी फुटकळ तक्रारी. सोबतची वायर वीतभर. डिस्प्लेवर शंभरापासून ऐंशीपर्यंत आकडा हलत नाही आणि मग धाडकन साठ. मॅग्नेट मात्र मजबूत, खड्ड्यांतून टू-व्हीलरवर पिशवीत फोन सुटत नाही. पासथ्रू चार्जिंग आहे, म्हणजे लाइटला लावून त्याच वेळी फोन पण लावता येतो, पण तेव्हा ती सगळ्यात जास्त तापते, उन्हाळ्यात करू नका.

घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी बघा. एक, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि त्याखाली आर ने सुरू होणारा नंबर, तो बीआयएसच्या ॲपमधे टाकून बघा कोणाच्या नावावर निघतो, माझ्या डब्यावरचा निघाला, पण काही लिस्टिंगच्या फोटोत शिक्काच नाही. दोन, विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची हातातल्या बॅगेत चालते, ही ३७ ची आहे म्हणजे प्रश्न नाही, चेक-इन बॅगेत कुठलीच नाही चालत, मग ती सॉलिड असो की दगडाची.

आणि ज्याला खरंच उष्णतेची भीती आहे त्याने एलएफपीवाली पॉवर बँक पण बघावी, लिथियम आयर्न फॉस्फेट, आपल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत असते ती केमिस्ट्री. त्यातला ऑक्सिजन फॉस्फेटने असा घट्ट धरलेला असतो की सहज सुटत नाही, त्यामुळे आगीची साखळीच कमजोर होते. तोटा, जड असते, आणि ३.२ व्होल्ट असल्यामुळे १०,००० एमएएच म्हणजे ३२ वॉट-अवरच, म्हणजे डब्यावर आकडा तोच आणि माल कमी. तरी घरात लाइट गेल्यावर राउटर चालवायला मी तीच घेईन, खिशात ठेवायला ही. ही अडीच हजारांत मिळाली तर डोळे झाकून घ्या, चार हजारांत मॅग्नेटची हौस असेल तरच.

सेलरला मेल टाकून विचारलं होतं की आत द्रव किती टक्के, कॅथोड कोणता, आणि सेलचा आयएस १६०४६ चा (बॅटरी सुरक्षिततेच्या भारतीय मानकाचा) रिपोर्ट मिळेल का. उत्तर आलं, 'डियर सर, प्रॉडक्ट इज हंड्रेड परसेंट सॉलिड ओरिजिनल, काइंडली गिव्ह फाइव्ह स्टार'. परत विचारलं तर तिकीट क्लोज केलं.